वळणावर सायकल का निसटते?

रिओ ऑलिम्पिकमधील महिलांची सायकल शर्यत ७ ऑगस्ट २०१६ रोजी झाली. शेवटचा मोठा चढ संपवून खेळाडू व्हिस्टा शिनेझाच्या उताराला लागल्या, तेव्हा नेदरलँड्सची अ‍ॅनेमिक व्हॅन व्ल्यूटेन सर्वांच्या पुढे होती. सुवर्णपदक हाताशी आले होते. एका उजव्या वळणावर तिची सायकल आवाक्याबाहेर गेली आणि ती रस्त्याकडेच्या काँक्रीटच्या कठड्यावर जाऊन आदळली. मेंदूला जबर हादरा बसला आणि कमरेच्या मणक्यांना तीन ठिकाणी चिरा गेल्या. आदल्याच दिवशी पुरुषांच्या शर्यतीत इटलीचा विन्चेन्झो निबाली याच उतारावर पडला होता आणि त्याचे कॉलरबोन मोडले होते.

हे दोघेही काही नवशिके नव्हेत. निबालीने २०१४ मध्ये टूर द फ्रान्स जिंकली होती, आणि व्हॅन व्ल्यूटेनने बरी होऊन टोकियो ऑलिम्पिकमध्ये टाइम ट्रायलचे सुवर्ण मिळवले. तरीही वळणाने दोघांनाही पाडले, कारण वळणावर कौशल्याला एक मर्यादा असते. ती मर्यादा टायर आणि रस्ता मिळून ठरवतात.

सायकलचे टायर रस्त्याला टेकते ते जेमतेम अंगठ्याएवढ्या जागेवर. अशा दोन जागा, एक पुढच्या चाकाखाली आणि एक मागच्या. सायकल आणि तिच्यावरचा माणूस यांना सरळच जायचे असते. त्यांना वळवायचे तर आतल्या बाजूला ओढणारे बल लागते, आणि ते याच दोन ठिकाणच्या घर्षणातून मिळते. बाहेर फेकले जाऊ नये म्हणून सायकलस्वार आत झुकतो. हे कोणी शिकवावे लागत नाही, अंगात आपोआप येते. शिकवावे लागते ते वेगाचे गणित, कारण ते अंदाजाला फसवते. वेग दुप्पट केला की लागणारे बल दुप्पट नव्हे, चौपट होते.

गल्लीच्या कोपऱ्यावरचे एखादे काटकोनी वळण घ्या. त्याची त्रिज्या पाच मीटर धरू. ताशी १५ किलोमीटर वेगाने ते वळण घेतले, तर सायकल उभ्या रेषेपासून साधारण २० अंश झुकते. हे सहज जमते. ताशी २० किलोमीटरला ती ३२ अंश झुकवावी लागते. छातीत थोडे धस्स होते, पण कोरड्या, स्वच्छ डांबरावर टायर धरून ठेवते. ताशी २५ किलोमीटरला मात्र ४४ अंश झुकाव लागतो. एवढी पकड चांगल्या रस्त्यावरही बहुधा नसते. ताशी १५ ला निवांत वाटलेले वळण फक्त १० किलोमीटरच्या फरकाने अशक्य होते. यात वजनाचा संबंध येत नाही. जाड माणसाला जास्त बल लागते हे खरे, पण त्याच्या वजनामुळे टायर तितकेच जास्त दाबलेही जाते. हिशेब सारखाच राहतो.

हे सगळे कोरड्या रस्त्याचे झाले. बारीक खडी किंवा वाळू असेल तर पकड निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते, आणि मग ताशी २० चे वळणही पाडते. गाड्यांची चाके आपल्या मार्गावरची वाळू झाडून टाकतात आणि ती वळणाच्या कडेला साचते. नेमकी तिथूनच सायकलवाल्याला जावे लागते. जूनमधला पहिला पाऊस तर फार वाईट. महिनोन्‌महिने रस्त्यावर मुरलेले तेल आणि धूळ पाण्याबरोबर वर येते आणि पहिल्या सरींत रस्ता साबणासारखा होतो. जोराचा पाऊस होऊन तो धुतला गेला की थोडा सुधारतो. चेंबरची लोखंडी झाकणे, रंगवलेले पांढरे पट्टे, शेण, घाटातल्या सावलीच्या वळणांवरचे शेवाळ या जागा पावसाळाभर धोक्याच्याच राहतात.

पण बहुतेक पडणाऱ्यांना केवळ वेगाने पाडलेले नसते. वेगाने त्यांना घाबरवले आणि ब्रेकने पाडले, असे म्हणणे जास्त खरे ठरेल. टायरच्या पकडीचे पगारासारखे असते. रक्कम एकच, खर्च दोन: वळणे आणि थांबणे. वळणातच सगळा पगार संपत आला असताना सायकलस्वाराला वाटते की वेग जास्त झाला, आणि तो ब्रेक आवळतो. मग टायरकडे द्यायला काही उरत नाही. मागचे चाक घसरले तर कधीकधी सावरता येते. पुढचे निसटले की दिशा आणि तोल दोन्ही एकदमच जातात. कमरेच्या उंचीवरून, म्हणजे साधारण एक मीटरवरून, खाली यायला अर्धा सेकंदही लागत नाही, आणि धोका ओळखून हालचाल करायलाच त्यातला निम्मा वेळ जातो. उरलेल्या वेळात हात पुढे करण्यापलीकडे काही होत नाही. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबून. पुढचा ब्रेक दाबला की माणूस डोक्यावरून उलटतो, या भीतीने अनेकजण फक्त मागचाच वापरतात. त्याने सायकल उशिरा थांबते आणि मागचे चाक अडकून घसरते ते वेगळेच.

मागच्या चाकाचीही एक वाईट तऱ्हा आहे. २००३ च्या टूर द फ्रान्समध्ये स्पेनचा होसेबा बेलोकी दुसऱ्या क्रमांकावर होता. गाप गावाकडे उतरताना उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर त्याचे मागचे चाक घसरले, मग त्याने अचानक पकड घेतली आणि बेलोकी सायकलवरून उडून आपटला. मांडीचे हाड, कोपर आणि मनगट मोडले. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी डांबर कसे होते हे माहीत असलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

सायकल वळवण्याबद्दलची एक गंमत फार थोड्यांना ठाऊक असते. डावीकडे वळताना सायकलस्वार आधी क्षणभर हँडल किंचित उजवीकडे नेतो. त्यामुळे सायकल डावीकडे कलते आणि मगच वळते. विमान उडवण्याआधी सायकली बनवून विकणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बर राइट यांनी डझनावारी सायकलस्वारांना विचारून पाहिले होते. वळताना आपण काय करतो हे एकालाही नीट सांगता आले नाही. हात ते करतात, डोक्याला पत्ता नसतो. घाबरून हात ताठ झाले की नेमकी हीच हालचाल बंद पडते आणि सायकल वळण सोडून सरळ कडेला जाते. म्हणून कोपर सैल ठेवणे महत्त्वाचे. नजरही तशीच. ज्या खड्ड्याकडे टक लावून बघावे त्यातच चाक जाते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. वळणावर नजर वळण संपते तिथे हवी. आणि आतल्या बाजूचे पायडल वर, बाहेरचे खाली. उलट झाले तर झुकलेल्या सायकलचे पायडल रस्त्याला टेकून मागचे चाक उचलले जाते. फिरताना पायडल मारत राहण्याची सवय असलेल्या मुलांचे असे बरेचदा होते.

आता पडल्यानंतरचे. वळणावर पडणारा माणूस आतल्या कुशीवर पडतो आणि घसरत जातो. कुल्ला, गुडघा, कोपर, तळहात सोलवटतात. ही जखम दिसायला भयंकर आणि झोंबायला त्याहून भयंकर, पण नीट धुतली तर बहुधा बरी होते. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली ती पुरेसा वेळ धरावी, साबणाने भोवतालची कातडी स्वच्छ करावी आणि खडीचे कण काढून टाकावेत. ते आत राहिले तर जखम पिकते, आणि नाही पिकली तरी कातडीखाली गोंदल्यासारखे काळे डाग कायमचे राहतात. हळद, टूथपेस्ट, कॉफी, राख यांतले काहीही लावू नये. जखम उघडी ठेवून खपली धरू देण्यापेक्षा स्वच्छ पट्टीने झाकलेली चांगली भरते. रस्त्यावरची जखम मातीने माखलेली असते. म्हणून धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षांहून जास्त झाली असतील, तर डॉक्टर ती पुन्हा देतात.

डोक्याला मार लागला असेल तर पहिला दिवस लक्ष ठेवावे लागते. माणूस उठून बोलतो, चहा पितो, घरी जातो आणि काही तासांनी गुंगीत जातो, असे होऊ शकते, कारण कवटीच्या आत रक्त साचायला वेळ लागतो. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हापुन्हा उलटी, असंबद्ध बोलणे, जास्तीची झोप, नाकाकानातून पाणी किंवा रक्त येणे यांतले काहीही दिसले तर तातडीने रुग्णालय गाठावे. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या ज्येष्ठांनी अशा लक्षणांची वाटही पाहू नये. हेल्मेट कवटीला लागणारा मार पुष्कळ कमी करते. त्यातला फोम स्वतः दबून धक्का झेलतो, पण एकदाच. डोके आपटल्यावर वरून धड दिसणारे हेल्मेटही टाकून द्यायचे असते, आणि नेमके तेच जिवावर येते.

मुलांच्या बाबतीत पोट विसरले जाते. हँडल फिरून त्याचे टोक पोटात रुतते. वर फक्त बांगडीएवढा लालसर वण दिसतो, कधी तोही नाही. आत मात्र स्वादुपिंड, यकृत किंवा प्लीहेला इजा झालेली असू शकते. ओरडा मिळेल म्हणून मूल पडल्याचे सांगतच नाही, आणि मग दुसऱ्या दिवशी पोटदुखी, उलट्या, चेहरा पांढरा पडणे सुरू झाले की घरचे बाहेरच्या खाण्याला दोष देतात. पोट न दुखता डावा खांदा दुखणे हेही प्लीहेच्या इजेचे लक्षण असते. ओरडण्याआधी मुलाला कसे पडला ते विचारावे आणि सदरा वर करून बघावे.

खांद्यावर पडले तर कॉलरबोन मोडते. ते बहुतेकदा मधोमध मोडते, आणि हात झोळीत ठेवून बऱ्याच जणांचे जुळूनही येते. हाडाची टोके फार सरकली असतील तरच पट्टी बसवण्याची वेळ येते.

मनगट जास्त फसवे. हात टेकून पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी असलेले स्कॅफॉइड नावाचे काजूएवढे हाड तडकते. सूज थोडी, हात हलतो, त्यामुळे मुरगळले समजून लोक मलम चोळत बसतात. अंगठा ताणून वर केला की मनगटाजवळ दोन शिरांमध्ये एक खळगा दिसतो. पूर्वी त्यात तपकीर ठेवून ओढत, म्हणून शरीरशास्त्रात त्याला तपकिरीच्या डबीचेच नाव पडले आहे. पडल्यानंतर त्या खळग्यात दाबून दुखत असेल, तर हे हाड मोडल्याचे धरून चालतात. पहिल्या दिवशीचा एक्स-रे कोरा येऊ शकतो. अशा वेळी डॉक्टर तरीही मनगट प्लास्टरमध्ये किंवा आधारपट्टीत बांधतात आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायला बोलावतात. कधी एमआरआय लवकरच करतात. या हाडाचा रक्तपुरवठा उलट्या दिशेने, बोटांकडच्या टोकातून येतो. मधे तडा गेला की मनगटाकडच्या तुकड्याला रक्त मिळेनासे होते, आणि न बांधलेले हाड जुळत नाही. त्याचा त्रास वर्षांनी, बादली उचलताना किंवा पोळी लाटताना सुरू होतो. दुखणे कमी झाले म्हणून त्या दुसऱ्या एक्स-रेला अनेकजण जातच नाहीत.