संकेतस्थळाचा सांचा व विझार्डचे प्रश्न

वर्षाअखेरीस हातीं पडणारें प्रगतिपुस्तक एकवार नीट न्याहाळा. शाळेचें नांव, विषयांची यादी व स्वाक्षरीची जागा हीं छापील असतात. गुण तेवढे ज्याचे त्याचे निराळे. संकेतस्थळाच्या पानाचा सांचा, ज्यास टेम्प्लेट म्हणतात, तो याच जातीचा होय. मथळा, दुवे असलेली पट्टी व तळभाग कायम राहतात. मधल्या मोकळ्या जागेंत दर पानाचा मजकूर भरला जातो.

पूर्वीं हा सांचा एचटीएमएल भाषेंत हातानेंच लिहावा लागे. २००३ सालीं मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनीं वर्डप्रेस ही मोफत प्रणाली प्रसिद्ध केली, आणि तिच्या उभारणींतले बरेच श्रम विझार्डनें हलके केले. विझार्ड म्हणजे इंग्रजींत जादूगार. परंतु येथें जादू मुळींच नाहीं. खिडकीमागील कारकून जसा एकेक प्रश्न विचारून अर्ज भरून घेतो, तसेंच हें काम.

पहिला प्रश्न भाषेचा. यादींत मराठी आहे; तीच निवडावी. त्यायोगें पानाच्या अंतरंगांत ‘हा मजकूर मराठी’ अशी खूण उमटते, व अंधांस पान वाचून दाखविणाऱ्या यंत्रास भाषा कळते. पुढें माहितीसंचाचें नांव व त्याचा परवलीचा शब्द विचारतात. जागा भाड्यानें देणाऱ्या कंपनीकडून हीं मिळतात. नंतर स्थळाचें नांव, चालकाचें नांव, त्याचा परवलीचा शब्द व ई-मेल. हा ई-मेल कचेरीचा असावा, एखाद्या शिक्षकाचा खासगी नसावा. कारण परवलीचा शब्द विसरल्यास नवा ठरविण्याचा दुवा तेथेंच जातो, आणि शिक्षकांच्या बदल्या होतात! शेवटीं एक लहानसा चौकोन असतो. त्यांत खूण केली, तर शोधयंत्रांस ‘या स्थळाची नोंद घेऊं नये’ अशी विनंती जाते. शाळेनें तो रिकामाच ठेवावा.

विझार्ड येथें थांबतो. सांचा घडविणें आपल्याकडे उरतें. जानेवारी २०२२ मधील ५.९ या आवृत्तीपासून, तशी सोय असलेली थीम घेतल्यास, मथळा व तळभाग पडद्यावरच घडवितां येतात. तळभाग एकदां बदलला कीं, तो वापरणारीं सर्व पानें आपोआप बदलतात.

ही गोष्ट मीं फार महाग किंमत देऊन शिकलों. आमच्या शाळेचीं पानें रचतांना कचेरीचा दूरध्वनिक्रमांक मीं तळभागांत न घालतां प्रत्येक पानाच्या मजकुराखालीं चिकटविला. दिसावयास दोन्ही सारखेंच. पण चिकटविलेली नक्कल सांच्याशीं जोडलेली नसते. पुढें क्रमांक बदलला. मीं एकेक पान उघडून दुरुस्ती केली, आणि नेमकें प्रवेशाचेंच पान राहून गेलें. एका विद्यार्थिनीचे वडील आठवडाभर जुना क्रमांक फिरवीत होते. अखेर मजुरी बुडवून ते स्वतः आले, तेव्हां अर्जाची मुदत आदल्याच दिवशीं संपली होती. मुख्याध्यापकांनीं तो अर्ज घेतला, म्हणून माझी लाज राहिली.

त्याच सायंकाळीं सर्व पानांतील क्रमांक पुसून मीं तो एकदांच तळभागांत लिहिला, आणि शिपायाच्या साध्या मोबाइलवर प्रवेशाचें पान उघडून तो बरोबर दिसतो कीं नाहीं, तें पाहिलें.