खेड्याचा डॉक्टर घडतो कुठे?

मंडळी, रात्री-अपरात्री घरात कुणाचे पोट दुखू लागले, लेकीबाळीला कळा सुरू झाल्या, की पहिला प्रश्न एकच असतो : जवळपास डॉक्टर आहे का? हा प्रश्न फक्त आपल्याच गावाला पडतो असे समजू नका. अमेरिकेसारख्या संपन्न देशातही तो पडतो. त्या देशातले सुमारे पाचवा हिस्सा लोक खेडोपाडी राहतात, पण डॉक्टरांपैकी जेमतेम दहावा हिस्सा तिकडे काम करतो. मग खेड्यासाठी डॉक्टर आणायचा कुठून? तिथल्या एका निराळ्या वैद्यकपरंपरेने या प्रश्नाला हात घातला आहे. तिचे नाव ऑस्टिओपॅथी.

नाव ऐकून तुम्हाला होमिओपॅथी आठवेल. पण दोहोंचा काही संबंध नाही. अमेरिकेत डॉक्टर होण्याच्या दोन पदव्या आहेत. एक एम. डी. आणि दुसरी डी. ओ. आपल्याकडे एम. डी. ही एम. बी. बी. एस. नंतरची पदवी, तिकडे ती पहिलीच. डी. ओ. म्हणजे ऑस्टिओपॅथीची पदवी. (आपल्याकडच्या जुन्या पाट्यांवर डोळ्यांच्या डॉक्टरांच्या नावापुढे डी. ओ. दिसते, ती पदविका वेगळी.) अमेरिकेतला डी. ओ. औषधे देतो, शस्त्रक्रिया करतो, बाळंतपणे करतो. त्याचे अधिकार एम. डी. इतकेच. इतर पुष्कळ देशांत मात्र ऑस्टिओपॅथ म्हणजे केवळ हाताने सांधे-स्नायूंवर उपचार करणारा. हा फरक ध्यानात ठेवा, म्हणजे पुढे घोटाळा होणार नाही.

ही परंपरा सुरू झाली ती एका बापाच्या दुःखातून. अँड्र्यू टेलर स्टिल हा 1828 साली जन्मलेला, कॅन्सस प्रांतातल्या नव्या वसाहतीत डॉक्टरकी करणारा माणूस. 1864 साली मेंदूज्वराच्या साथीत त्याची तीन मुले गेली. घरात डॉक्टर असून उपयोग झाला नाही. त्या काळी औषधे तरी कसली? पाऱ्याचे कल्प, अफू, दारू आणि रक्त काढणे. स्टिलचा त्यांवरचा विश्वासच उडाला. हाडे, स्नायू, रक्ताभिसरण यांचा तो वर्षानुवर्षे अभ्यास करीत राहिला आणि 1874 साली त्याने आपली नवी पद्धत जाहीर केली. गावोगाव हिंडून आपल्या हाडवैद्यासारखे तो लोकांचे सांधे बसवून देई. पुढे 1892 साली मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल या लहानशा गावी त्याने शाळा काढली. पहिल्याच वर्गात त्याने स्त्रियांनाही घेतले, हे विशेष.

स्टिलचे सगळेच म्हणणे खरे ठरले असे नाही. बहुतेक रोगांचे मूळ हाडांच्या, विशेषतः कण्याच्या बिघाडात आहे, हे त्याचे मत शास्त्राच्या कसोटीला उतरले नाही. त्याच्या शिष्यांनी शहाणपणा केला. त्यांनी औषधशास्त्र, जंतुशास्त्र, शस्त्रक्रिया हे सारे अभ्यासक्रमात घेतले आणि हातांचे शिक्षणही ठेवले. तरी मान्यता मिळायला फार वर्षे गेली. व्हरमाँट राज्याने 1896 सालीच परवाना दिला. पण सैन्यदलात डॉक्टर म्हणून प्रवेश मिळाला तो 1966 साली, आणि सर्व राज्यांत पूर्ण अधिकार मिळायला 1973 साल उजाडले. मोठ्या इस्पितळांची दारे बंद होती, तेव्हा यातले पुष्कळ डॉक्टर लहान गावांत राहिले. घराघरांचा डॉक्टर होणे ही त्यांची रीतच बनली. आजही काम करणाऱ्या डी. ओ. डॉक्टरांपैकी निम्म्याहून अधिक प्राथमिक आरोग्यसेवेत आहेत.

आता मुख्य गोष्ट. असा डॉक्टर तयार कसा करतात?

पहिली पायरी निवडीची. खेड्यात वाढलेला मुलगा किंवा मुलगी डॉक्टर झाल्यावर खेड्यात परतण्याचा संभव शहरातल्यापेक्षा जास्त, हा अनुभव अनेक देशांत आला आहे. म्हणून खेड्यांसाठी काढलेली विद्यालये केवळ गुण पाहत नाहीत. उमेदवार कुठला, त्याने कुणाची सेवा केली आहे, हेही विचारतात.

दुसरी पायरी जागेची. वेस्ट व्हर्जिनिया हे डोंगराळ, कोळशाच्या खाणींचे राज्य. तिथल्या लुइसबर्ग या छोट्या गावी एका बंद पडलेल्या सैनिकी शाळेच्या आवारात 1974 साली ऑस्टिओपॅथीचे वर्ग सुरू झाले. केंटकीच्या खाणमुलुखात पाइकव्हिल येथे 1997 साली असेच विद्यालय निघाले. ओक्लाहोमा राज्यात चेरोकी या आदिवासी राष्ट्राच्या भूमीवर, टालेक्वा येथे, 2020 साली राज्य विद्यापीठाने चेरोकी लोकांच्या सहकार्याने विद्यालय उघडले. तिथली पहिली तुकडी 2024 साली बाहेर पडली.

तिसरी पायरी गुरूची. पदवीधर झाल्यावर वैद्यकाची चार वर्षे. पहिली दोन बहुतेक वर्गात आणि प्रयोगशाळेत. पुढची दोन रोग्यांजवळ. या विद्यालयांना स्वतःचे मोठे इस्पितळ नसते. म्हणून तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे विद्यार्थी छोट्या-छोट्या गावांत पाठवतात. तिथल्या डॉक्टरच्या हाताखाली ते शिकतात : सकाळी मधुमेहाची म्हातारी, दुपारी ट्रॅक्टरखाली बोटे सापडलेला शेतकरी, संध्याकाळी खाणीच्या धुळीने दमेकरी झालेला कामगार. कुणाकडे औषधाला पैसे नाहीत, कुणाला इस्पितळापर्यंत न्यायला गाडी नाही, हेही तो विद्यार्थी तिथेच शिकतो. पुस्तकात ते नसते!

चौथी पायरी पदवीनंतरच्या उमेदवारीची. घरगुती डॉक्टर व्हायला तीन वर्षे उमेदवारी करावी लागते. काही ठिकाणी पहिले वर्ष मोठ्या इस्पितळात आणि उरलेली दोन खेड्यात अशी वाटणी करतात. याला कारण आहे. माणूस जिथे उमेदवारी संपवतो, तिथेच आसपास पुष्कळदा घर करतो. तोवर त्याचे लग्न झालेले असते, ओळखीपाळखी झालेल्या असतात.

या शिक्षणात हाताला फार मान आहे. विद्यार्थी पहिल्या वर्षापासून एकमेकांच्या पाठी-माना चाचपून शिकतात. कंबरदुखीसारख्या दुखण्यात या उपचाराचा काही उपयोग होतो. तो सर्व रोगांवर रामबाण मात्र नव्हे. पण खरा लाभ आणखी एक आहे. मोठे यंत्र कोसो दूर असते, तेव्हा डॉक्टरचे डोळे, कान आणि बोटे हीच पहिली यंत्रे. शिवाय रोग्यालाही बरे वाटते की, बाबा, यांनी मला हात लावून पाहिले.

मग अमेरिकेचा प्रश्न सुटला का? नाही. शिक्षण अतिशय महाग, डोक्यावर कर्जाचा डोंगर, आणि विशेषज्ञाची मिळकत मोठी. तेव्हा तरुण मन शहराकडे ओढ घेणारच. म्हणून सरकारने 1970 साली कायदा करून राष्ट्रीय आरोग्यसेवा दल उभारले : डॉक्टर नसलेल्या भागात ठराविक वर्षे काम करा, त्या बदल्यात शिक्षणाच्या खर्चाचा किंवा कर्जाचा भार सरकार उचलते. पण मुदत संपली की काहीजण निघून जातात. जोडीदाराला नोकरी नाही, मुलांना चांगली शाळा नाही, गावचे इस्पितळच बंद पडलेले, अशा गावी एकटा डॉक्टर किती दिवस टिकणार? तेव्हा डॉक्टर घडवणे हे अर्धे काम. त्याला राहता येईल असे गाव घडवणे हे उरलेले अर्धे.

हा विचार आपल्याला परका नाही. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली वैद्यकीय महाविद्यालय काढले. तिथे विद्यार्थ्यांची प्रत्येक नवी तुकडी एक गाव दत्तक घेते. मुले गावात शिबिर करून राहतात, घरोघरी जातात, कुटुंबांची ओळख करून घेतात. वाट तीच, नाव वेगळे.

शेवटी गुरुजींना आणि बाईंना एक सांगणे. वरच्या चार पायऱ्यांच्या आधी आणखी एक पायरी आहे, आणि ती तुमच्या शाळेत आहे. विज्ञानाच्या तासाला जी पोर बेडकाचे चित्र मन लावून काढते, आजीच्या औषधाच्या वेळा जिला पाठ असतात, तिला कुणीतरी सांगायला हवे की, तू डॉक्टर होऊ शकतेस. तिच्या घरी जाऊन आईबापांशी दोन शब्द बोला. परीक्षांची, शिष्यवृत्तीची माहिती वेळेवर मिळवून द्या. आणि गावकरी मंडळी, उद्या ती पोर डॉक्टर होऊन परत आली, तर तिच्यासाठी राहण्याजोगे घर आणि चालू दवाखाना तयार ठेवा.