वसाहतीचा संघ आणि त्याचे कागद

आमच्या धर्मग्रामातील पुष्कळ कुटुंबांची मुले आता गावी राहत नाहीत. कोणी आदिलाबाद शहरात, कोणी निर्मल वा मंचिर्याल येथे नोकरी धरली, प्लॉट घेतला, कर्ज काढून घर बांधले. गावाकडील आईबापांनी त्यासाठी कापसाच्या पट्टीचे पैसे दिले, क्वचित रानाचा तुकडाही विकला. एवढ्या कष्टाने उभ्या राहिलेल्या घराभोवती रस्ता, नाली, बोअर आणि मुलांना खेळावयास राखलेली मोकळी जागा असते. आणि या सामाईक गोष्टींचा सांभाळ करण्यासाठी घरमालकांचा एक संघ असतो. त्या संघाचे कागद एरवी कोणी वाचीत नाही. नड पडली म्हणजे मात्र ते पिशवीत घालून आमच्याकडे आणले जातात.

अशीच एक पिशवी आमच्यासमोर आली. वसाहतीचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. संघ रीतसर नोंदलेला होता आणि नोंदणीचे प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर लावलेले होते. वर्गणीही जमत होती. परंतु पहिल्या वर्षानंतर सर्वसाधारण सभा भरली नाही. अध्यक्ष बदली होऊन गेले, चिटणीस वारले, आणि उरलेल्यांनी तोंडी कारभार चालविला. पुढे मोकळ्या जागेवर कोणीतरी तारेचे कुंपण घातले. वकील करावयाचा तर बँकेतून पैसे काढावयास हवे होते, आणि बँकेतील सह्या गेलेल्या अध्यक्षांच्या व मृत चिटणीसांच्या! पैसे होते, तक्रार खरी होती, परंतु “संघाच्या वतीने बोलणारे तुम्ही कोण?” या प्रश्नास कागदावर उत्तर नव्हते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. निजामाच्या राजवटीत या मुलखातील सार्वजनिक संस्थांची नोंदणी १३५० फसलीच्या कायद्याने होत असे. तो मागे पडून २००१ साली आंध्र प्रदेशाचा संस्था नोंदणी कायदा आला, आणि २०१४ साली तेलंगण राज्य वेगळे झाल्यावर तोच येथे चालू राहिला. वसाहतींचे अनेक संघ या कायद्याखाली नोंदलेले असतात. काही १९९५ च्या परस्पर साह्य सहकारी संस्थांच्या कायद्याखालीही असतात. म्हणून प्रमाणपत्रावर कोणत्या कायद्याचे नाव आहे, हे प्रथम पाहावे. पुढील सारा मार्ग त्यावरून ठरतो.

२००१ च्या कायद्याप्रमाणे संस्था स्थापण्यास निदान सात जण लागतात. दरवर्षी सर्वसाधारण सभा भरवावी आणि सभेनंतर पंधरा दिवसांच्या आत कार्यकारी समितीच्या सभासदांची यादी निबंधकाकडे दाखल करावी. सभासदांची नोंदवही, सभांची इतिवृत्ते आणि हिशेबाच्या वह्या संस्थेच्या कचेरीत असाव्यात. यांत जड असे काही नाही. आमच्या गावच्या भजनी मंडळाची वही याहून नेटकी असते. समितीत भांडण झाले तर निबंधक त्याचा निवाडा करीत बसत नाही, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक आहे. कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे सभासदाने लवादाकडे तरी जावे, नाहीतर जिल्हा न्यायालयात अर्ज करावा.

आमच्या कित्येक वाचकांचे सोयरे पैनगंगेपलीकडे आहेत. तेथील अनुभवावरून येथे सल्ला दिला जातो आणि घोटाळा होतो. राजुरा व किनवट हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते; बोली एक, लग्नसंबंध एक, परंतु नदी ओलांडली की कायदा बदलतो. महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्थांना १९६० चा कायदा लागू आहे. २०१९ साली त्यात या संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरणच घालण्यात आले. तेथील वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. तेथील उपविधींची छापील प्रत आणून येथील संघाच्या बैठकीत वाचून दाखविणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. हेतू चांगला, पण उपयोग शून्य.

घरांसाठी एकत्र येणे ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे. मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली तालमकी यांच्या खटपटीने सारस्वतांची सहकारी गृहसंस्था निघाली, आणि १९१८ साली साष्टीच्या कॅथलिक बांधवांनी आपली सहकारी गृहसंस्था काढली. शंभर वर्षांहून जुने हे उद्योग नुसत्या सद्भावनेवर उभे राहिले नाहीत. त्यांत कोणीतरी वही लिहिणारा होता.

पिशवीकडे परत येऊ. एका तरुणाने सुचविले की, मागील सगळ्या वर्षांची इतिवृत्ते एका रात्रीत लिहून काढू, शाई तेवढी निरनिराळी वापरू. आम्ही त्यास साफ नकार दिला. न भरलेल्या सभेचे इतिवृत्त ही खोटी साक्ष आहे. आणि कुंपणवाल्याच्या वकिलाने ते उघडे पाडले असते, तर खरी तक्रारही बुडाली असती. त्याऐवजी नियमावलीत सांगितल्याप्रमाणे नोटीस काढून सभा बोलावली, इतकी वर्षे सभा झाली नाही हे ठरावात स्पष्ट लिहिले, नवी समिती निवडली, जमाखर्च हिशेबतपासनिसाकडे दिला आणि यादी मुदतीत दाखल केली. त्या ठरावावर बँकेने नव्या सह्या घेतल्या. कुंपणाचा वाद अद्याप चालू आहे; पण आता तो मांडण्याचा अधिकार कोणाचा, हे कागदावर आहे.

सभेच्या वेळी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. अकरा घरे बायकांच्या नावे होती आणि सभेस आले होते त्यांचे यजमान. मालकीण ती सभासद; मत तिचे, सही तिची. निरोप पाठवून त्यांस बोलावून आणावे लागले, आणि सभा पाऊण तास थांबली. आल्यावर पहिला प्रश्न त्यांच्यापैकीच एकीने विचारला: बोअरच्या मोटारीचे पैसे दोनदा कसे लागले? त्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही, आणि तो प्रश्न हिशेबतपासनिसाकडे पाठविण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला.