वीस आयांपैकी किती जणी?

‘गुणात्मक संशोधनात आकड्यांना जागा नसते.’

जळगाव-धुळ्याकडे मुलाखती घेऊन प्रबंध लिहिणाऱ्या अनेकांचा हा ठाम समज असतो. माणसं समजून घेणं आपलं काम, मोजणं सर्वेक्षणवाल्यांचं. पण अशा प्रबंधांत आकडे असतातच, फक्त ते शब्दांच्या आड असतात. ‘बहुतेक कुटुंबांत’, ‘अनेक आयांनी’, ‘क्वचितच’ ही सगळी मोजणीचीच विधानं आहेत, न मोजता केलेली.

अहिराणी पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते आहे का, हा खानदेशातला जिव्हाळ्याचा प्रश्न घ्या. समजा, एका विद्यार्थिनीने साक्री आणि अमळनेर तालुक्यांतल्या वीस आयांशी बोलून लिहिलं, ‘बहुतेक आया मुलांशी मराठीतच बोलतात.’ नोंदी पुन्हा उघडून मोजल्यावर अशा नऊच निघाल्या. त्यांतल्या दोघी इतक्या पोटतिडकीने बोलल्या होत्या की त्यांचंच म्हणणं मनात ठसलं. मग उरलेल्या अकरा जणींच्या मुलाखती तिला नव्याने वाचाव्याच लागतात, आणि खरं संशोधन बऱ्याचदा तिथेच सुरू होतं. शेजारणीशी ‘काय करी ऱ्हायनी व माय’ म्हणणारी बाई त्याच ओट्यावर मुलाकडे वळून मराठीत का बोलते, आणि दुसरी का बोलत नाही? हा फरक मोजणीने दाखवला. कारण मात्र बोलण्यातूनच कळणार. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी अशा ढोबळ मोजणीची बाजू १९५८ मध्येच मांडली होती. जोसेफ मॅक्सवेल यांनी २०१० मध्ये याच विषयावर स्वतंत्र लेख लिहिला.

‘मोजलं की टक्केवारी द्यावी.’

देऊ नये. ‘४५ टक्के आया’ असं लिहिलं की वाचक ते सगळ्या खानदेशाला लावतो. या वीस जणी तर एकीने दुसरीचं नाव सुचवत मिळालेल्या. ‘वीसपैकी नऊ’ एवढंच लिहावं.

‘आकडा मोठा असला की तीच वस्तुस्थिती.’

जनगणनेत ‘खानदेशी’ भाषिक २००१ मध्ये २०,७५,२५८ होते. २०११ मध्ये १८,६०,२३६. दोन लाखांहून अधिक घट! अहिराणी या ‘खानदेशी’तच मोजली जाते, मराठीत नाही. मातृभाषा म्हणून माणसाची एकच भाषा नोंदवली जाते, आणि तिची व्याख्या आहे लहानपणी आई ज्या भाषेत बोलत असे ती. मग ही घट बोली सुटल्याची, की प्रगणकाने विचारल्यावर ‘मराठी’ सांगितल्याची? बेरजेतून ते कळत नाही. त्यासाठी ओट्यावर बसून विचारावं लागतं, तुम्ही काय सांगितलंत आणि का.

मोजण्याआधी कप्पे ठरतात, हेही विसरलं जातं. ब्रिटिश काळात जॉर्ज ग्रिअर्सन यांनी केलेल्या भाषिक सर्वेक्षणात मराठीचा खंड वेगळा आहे आणि खानदेशी भिल्ल बोलींच्या खंडात आहे. आज अहिराणीला मराठीची बोली म्हणणारे या मांडणीवर हरकत घेतील. रावेर-यावलकडची लेवा बोली कुठे धरायची, यावरही संशोधकाला आधी निर्णय घ्यावा लागतो, आणि तो प्रबंधात लिहावा लागतो. नाहीतर दोन प्रबंधांतले आकडे शेजारी ठेवून काहीच कळणार नाही.

‘बारा मुलाखती झाल्या की पुरे.’

हा आकडा गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांच्या २००६ च्या लेखातून पसरला. त्यांनी घाना आणि नायजेरियातल्या स्त्रियांच्या साठ मुलाखती तपासल्या. पहिल्या बारांनंतर नवं फारसं हाती लागलं नाही. पण तो गट बराचसा एकसारखा होता आणि प्रश्नही नेमके होते. शिरपूरच्या पावरा वस्तीपासून जळगाव शहरातल्या सदनिकेपर्यंत सगळं एकाच अभ्यासात घेणाऱ्याने बारावर थांबणं चुकीचंच.

‘जिने सांगितलं नाही, तिचं उत्तर “नाही”.’

ही चूक सर्वांत सहज होते. मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीत प्रत्येकीला प्रत्येक प्रश्न विचारला जात नाही. शाळेत अहिराणी बोलल्यावर मुलांना हसतात, असं सहा जणींनी सांगितलं आणि हा विषय चौदा जणींपुढेच निघाला होता, तर ‘वीसपैकी सहा’ लिहिणं खोटं आहे. ‘चौदापैकी सहा’ लिहावं, आणि उरलेल्या सहा जणींकडे पुन्हा जाता आलं तर जावं.