गाडी चढाला दम का सोडते?

मैत्रिणींनो, आज इंजिनाविषयी बोलू. हा विषय ड्रायव्हरचा, आपला नाही, असं कुणी म्हणेल. पण वाशीतून खव्याचे डबे घेऊन निघालेली ओम्नी मांजरसुंब्याच्या घाटात बंद पडली, तर उन्हात खराब होतो तो खवा आपला असतो, आणि दुसऱ्या गाडीचं भाडं आपल्याच गटाच्या पेटीतून जातं.

मारुतीची ही व्हॅन १९८४ साली आली. पुढे तिचं नाव ओम्नी झालं, आणि २०१९ साली ती बनवणं थांबलं. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी जुनीच. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, पुढच्या सीटखाली. तीनातला एक सिलिंडर मेला की साधारण तिसरा हिस्सा ताकद गेली. रिकाम्या गाडीत, सपाटीला नुसती थरथर जाणवते. भरल्या गाडीने चढ लागला की खरं कळतं.

चुलीला जळण, हवा आणि काडी लागते. इंजिनाला पेट्रोल, हवा आणि ठिणगी. चूल विझली तर आपण सगळी चूल मोडत नाही, आधी काय कमी पडलं ते बघतो. इथंही तसंच करायचं, आणि त्याची खूण गाडी बंद पडतानाच देते. बटण दाबून दिवा घालवावा तशी गाडी एकदम गप्प झाली, तर बहुतेक वेळा ठिणगीचं काम असतं: बॅटरीची ढिली तार, स्विच, तापलेली कॉइल. झटके मारत, धापा टाकत बंद पडली तर पेट्रोल नीट पोचत नाही.

उभी असताना बंद पडते, पळताना ठीक असते? मग कार्बोरेटरच्या स्लो जेटमध्ये कचरा असेल, आयडलिंग कमी असेल किंवा एखादी रबरी नळी चिरून फाजील हवा आत जात असेल. सपाटीला ठीक पण चढाला मरते, तर आधी पेट्रोल फिल्टर बघा, मग पेट्रोल पंप. काळा धूर, पेट्रोलचा वास आणि अॅव्हरेज घटलेलं असेल तर एअर फिल्टर धुळीने भरलाय किंवा चोक अडकलाय. आपल्या कच्च्या रस्त्यांवर एअर फिल्टर किती लवकर भरतो ते वेगळं सांगायला नको. फिटरने प्लग काढले की आपणही बघावेत. तांबूस-करडा प्लग चांगला. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तेलाने ओला असेल तर इंजिन ऑइल खातंय, आणि ते मोठं काम आहे.

आणि रेस दिली की इंजिन ओरडतं पण गाडी सरकत नाही, तर इंजिनाला हात लावू देऊ नका. ती क्लच प्लेट. एकाच चाकाजवळ जास्त धग लागत असेल तर ब्रेक धरून राहतोय.

नंतरच्या ओम्नीत कार्बोरेटर नाही, एमपीएफआय आहे. तिथं चावी फिरवली की पेट्रोल पंपाचा बारीक आवाज दोन सेकंद यायला हवा. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागून राहिला तर स्कॅनर असलेल्या गॅरेजातच न्या.

आमच्या गटाची गाडी कार्बोरेटरची. ती दर आठ-दहा दिवसांनी रस्त्यात थांबायची, आणि पंधरा मिनिटांनी काही न करता सुरू व्हायची. एका गॅरेजात प्लग बदलले, दुसऱ्यात कार्बोरेटर उघडला, दोन्हीकडे बिल झालं. मग आम्ही ड्रायव्हरच्या हातात वही दिली. कधी बंद पडली, इंजिन गार की तापलेलं, चढ की सपाटी, टाकीत पेट्रोल किती, एवढंच लिहायचं. महिन्याने पान वाचलं तर प्रत्येक वेळी टाकी फुल केलेली! भरल्या टाकीला पेट्रोलचा दोष कोण देईल? दोष टाकीच्या झाकणाचा होता. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला आपण एकच भोक पाडलं तर तेल अडखळत येतं. दुसरं पाडलं की धार लागते. झाकणातलं हवेचं भोक बुजलं होतं. भरल्या टाकीत हवेला जागाच थोडी, म्हणून थोडं पेट्रोल खर्चताच टाकी आतून ओढून धरायची. अशा वेळी गाडी बंद करून झाकण हळूच उघडा. 'फुस्स' आवाज आला आणि मग गाडी सुरू झाली, तर झाकण बदला. जवळ विडी-काडी नको.

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ऊस आपल्याच भागातला, त्यामुळे तक्रार कुठं करणार! पण इथेनॉल पाणी ओढतं, आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्या-वॉशरांना ते मानवत नाही. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली तर पेट्रोल खराब होऊ शकतं. नळ्या वर्षातून एकदा हाताने दाबून बघा. चिकट झाल्या, चिरल्या तर लगेच बदला. इंजिन सीटखाली आहे, गळकी नळी म्हणजे माणसांखालीच आग. गाडीत पेट्रोलचा किंवा धुराचा वास येत असेल तर लेकरं बसवूच नका. घरगुती गॅसची टाकी जोडलेली व्हॅन शाळेसाठी कुणी स्वस्तात देत असेल, तरी नको.

घाटात बंद पडली तर ब्रेक जड लागेल. घाबरून सोडू नका, जोर लावून दाबा. कडेला घेऊन चाकामागे दगड लावा, मग माणसं उतरवा. काटा तापलेला दाखवत असेल तर रेडिएटरचं झाकण गार होईपर्यंत उघडायचं नाही.

गॅरेजात जाताना वहीचं पान दाखवा. फिटरला "काय बदलायचं?" असं विचारण्याआधी "कशावरून?" असं विचारा. बदललेला जुना पार्ट मागून घ्या आणि बिलाला जोडून गटाच्या बैठकीत ठेवा.