रामन यांचा प्रकाश आणि हॉलंडमधील संशोधन



सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचा धडा आपल्यापैकी पुष्कळांनी मराठी शाळेत वाचला असेल. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात त्यांना दिसून आले की, एका रंगाचा प्रकाश पदार्थातून गेला की त्याचा अगदी थोडा अंश रंग बदलून बाहेर पडतो. या शोधासाठी १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या शोधाचा एक धागा हॉलंडमध्ये गेला आहे. त्याविषयी थोडे सांगतो.

रंग का बदलतो? रेणूतील अणू स्प्रिंगने जोडल्यासारखे सतत थरथरत असतात. प्रत्येक पदार्थाची थरथर वेगळी. प्रकाश त्या थरथरीला थोडी शक्ती देतो किंवा तिच्याकडून घेतो, आणि तेवढा त्याचा रंग सरकतो. म्हणून बदललेला रंग मोजला की पदार्थ कोणता ते कळते. अडचण एकच, हा प्रकाश फारच मंद असतो.

उट्रेख्ट विद्यापीठात प्रा. लिओनार्ड ऑर्नस्टाइन प्रकाशरेषांची तीव्रता अचूक मोजण्यासाठी प्रसिद्ध होते. रामन यांच्या शोधानंतर त्यांनी या नव्या रेषांचीही मोजमापे केली. ते यहुदी होते, आणि डच झायोनिस्ट संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले होते. जर्मनांनी हॉलंड व्यापल्यावर त्यांना विद्यापीठातून काढून टाकण्यात आले, आणि १९४१ साली ते वारले. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी म्हणजे निकोलास ब्लूमबर्गन. युद्धाच्या शेवटच्या उपासमारीच्या हिवाळ्यात ट्युलिपचे कंद खाऊन आणि कंदिलाच्या उजेडात अभ्यास करून या तरुणाने दिवस काढले. पुढे अमेरिकेत जाऊन त्याने लेसरच्या तीव्र प्रकाशात पदार्थ कसे वागतात याचे शास्त्र घडवले. १९८१ साली त्यालाही नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच शास्त्रावर आजची पद्धत उभी आहे. तिचे नाव ‘कार्स’. ती प्रथम १९६५ साली अमेरिकेत दाखवली गेली. यात दोन लेसर एकाच जागी पाडतात. त्यांच्या कंपनांतील फरक रेणूच्या थरथरीइतका ठेवला की सगळे रेणू एका तालात डोलू लागतात. रामन यांच्या प्रयोगात जणू प्रत्येक जण आपापले पुटपुटत होता. येथे सगळी मंडळी एका सुरात गातात. म्हणून प्रकाश कितीतरी पटींनी जोरकस मिळतो.

पण येथे दोन नव्या अडचणी येतात.

पहिली अशी. जोरकस प्रकाशासाठी लेसर अतिशय छोट्या झटक्यांत सोडावा लागतो. आता नव्याच्या सणाचा शोफार आठवा. तेकीआ लांब असते, तिचा स्वर कानात बसतो. तेरूआचे तुटक नाद पटकन संपतात, त्यांचा स्वर नेमका सांगणे कठीण. प्रकाशाचेही तसेच आहे. झटका जितका छोटा, तितका त्याचा रंग पसरट. सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाचाही दहावा हिस्सा टिकणारा झटका घेतला, तर त्याचा रंग शास्त्रज्ञांच्या मापात सुमारे १५० एकके पसरतो. रेणूंच्या रेषा मात्र पुष्कळदा १० एककांहूनही अरुंद असतात. मग शेजारच्या दोन रेषा एकमेकींत मिसळून जातात. त्या वेगळ्या दिसणे, यालाच विभेदन म्हणतात.

दुसरी अडचण म्हणजे इतर द्रव्यांतूनही, अगदी पाण्यातूनही, त्याच रंगाचा फुकटचा प्रकाश येतो आणि खरी रेषा झाकतो.

झटका लांबवला तर रेषा स्पष्ट होते, पण एका वेळी एकच रेषा पाहता येते. एन्स्खेडे गावच्या ट्वेंटे विद्यापीठात जेनिफर हेरेक व हर्मन ऑफरहाउस यांच्या गटाने २००८ साली दुसरा मार्ग प्रसिद्ध केला. तो समजण्यासाठी घरी एक प्रयोग करून पाहा. वीतभर दोऱ्याला किल्ली बांधा व दोऱ्याचे टोक हातात धरा. हात सावकाश हलवला की किल्ली हाताबरोबर जाते. हात भराभर हलवला की ती हाताच्या उलट जाते. मधल्या एका वेगाला ती जोरात डोलते, तो तिचा स्वतःचा वेग. तेथेच तिची चाल उलटते.

रेणूही असेच उलटतात. फुकटचा प्रकाश मात्र कधीच उलटत नाही, तो नेहमी हाताबरोबर. या गटाने छोट्या झटक्यातले रंग वेगवेगळे पसरवले, एका ठिकाणापलीकडच्या रंगांची चाल मुद्दाम उलटवली, आणि सगळे पुन्हा एकत्र केले. ही उलटवण्याची जागा रेणूच्या उलटण्याच्या जागेशी जुळली की रेणूचा प्रकाश एकमेकांत भर घालतो, आणि फुकटचा प्रकाश बराचसा आपसांत वजा होतो. आता अचूकता झटक्याच्या लांबीवर नव्हे, तर उलटवण्याच्या बारकाईवर ठरते. ३००० एककांच्या आसपास त्यांना १ एककाहूनही कमी फरक ओळखता आला. सेकंदाला सुमारे ९० लाख कोटी वेळा होणाऱ्या थरथरीच्या बाबतीत ही अचूकता आहे!

याचा आपल्याला काय उपयोग? दम्यावरचे थिओफिलीन काहींना आठवत असेल. त्याच विद्यापीठात या औषधाच्या गोळ्या पाण्यात विरघळताना कार्सच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या गेल्या. औषधाचे कण पाणी धरून वेगळ्या स्फटिकांत बदलताना दिसले. औषध तेच, पण नवे स्फटिक सावकाश विरघळतात. गोळीतले औषध शरीरात किती वेगाने उतरेल, हे अशा गोष्टींवर अवलंबून असते. कोरड्या व ओल्या स्फटिकांच्या रेषा शेजारीशेजारी असतात, म्हणून तेथे विभेदन लागते.

या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. हा प्रकाश शरीराच्या आत मिलिमीटरभरही नीट पोहोचत नाही. म्हणून एक्स-रे किंवा स्कॅनची जागा ती घेणार नाही. गोळी, त्वचा, शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा, जे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येते, तेथे तिचे काम आहे.