अस्थिर यंत्रदोषाचे निदान : जयपूरच्या उन्हाळ्यातील लॅपटॉप

सवाई जयसिंहाने आपल्या 'झीज-ए-मुहम्मदशाही' ह्या फारसी ग्रंथाच्या प्रस्तावनेत एक कबुली दिली आहे. समरकंदच्या वेधशाळेतील यंत्रांच्या धर्तीवर त्याने प्रथम पितळेची यंत्रे करविली. परंतु त्यांवरून घेतलेले वेध त्याला हवे तितके अचूक मिळेनात. त्याची कारणेही तो देतो : यंत्रांचा आकार लहान, अंशांचे कलांमध्ये विभाजन नाही, आस झिजून डळमळू लागलेले, वर्तुळांचे मध्य ढळलेले, प्रतले सरकलेली. ह्या कारणांचे सरळ दोन वर्ग पडतात. आकार लहान असणे हा स्थिर दोष होय. तो प्रत्येक वेधात असतो आणि त्याचा अंदाज बांधता येतो. डळमळणारा आस मात्र आज एक उत्तर देतो आणि उद्या दुसरे. अशा दोषाची वजाबाकी करता येत नाही. जयसिंहाने दगडचुन्याच्या प्रचंड यंत्रांचा मार्ग पत्करला, त्यामागे हे एक मोठे कारण होते. १७२७ मध्ये वसविलेल्या जयपूर नगरात सुमारे २७ मीटर उंचीचे सम्राट यंत्र आजही उभे आहे.

त्याच नगरात आज हस्तलिखितांवर काम करणाऱ्या अभ्यासकाचे मुख्य उपकरण म्हणजे लॅपटॉप. पोथीखान्यातील संग्रहाची वाङ्मयीन समृद्धी गोपाल नारायण बहुरा ह्यांच्या १९७६ च्या ग्रंथाने अभ्यासकांपुढे ठेवली. अशा संग्रहांच्या पाठांची नक्कल, पाठभेदांची तुलना, पत्रांच्या छायाचित्रांची जुळणी ही कामे आता बहुतांशी पडद्यावर होतात. हे उपकरण मधूनच थिजू लागते, क्लिक केले तरी प्रोग्रॅम उघडत नाही, दहा मिनिटांनी आपोआप पूर्ववत चालू लागते. बोलभाषेत ज्याला 'हँग होणे' म्हणतात ते हेच. दुरुस्तीच्या दुकानात नेल्यावर ते नेमके सुरळीत चालते. तेव्हा 'पुन्हा विंडोज टाकून देतो' हा सल्ला मिळतो, आणि तो मानणाऱ्याची काही वर्षांची टिपणे कधी कधी त्या एका दुपारी नाहीशी होतात. म्हणून दुरुस्तीच्या आधी निदान, आणि निदानाच्याही आधी प्रत, हा क्रम पाळणे अवश्य आहे.

प्रत काढण्याविषयी एक सूचना भारतीय भाषांच्या अभ्यासकांस विशेष लागू आहे. प्रथम स्वतः टंकलेले लेखन उतरवावे, नंतर फॉन्ट, आणि शेवटी छायाचित्रे. कारण छायाचित्रे बहुधा पुन्हा मिळविता येतात. फॉन्टचा क्रम वर असण्याचे कारण ऐतिहासिक आहे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाली, आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. तरीही पुढे दीर्घकाळ मराठी लेखन ज्या त्या कंपनीच्या स्वतंत्र फॉन्टांत होत राहिले. अशा फाइलीत देवनागरी अक्षरे साठविलेलीच नसतात. असतात ते केवळ त्या फॉन्टला समजणारे संकेत. फॉन्ट हरवला की फाइल सुखरूप असूनही मजकूर अर्थहीन चिन्हांची रांग होतो. अशा लेखनाची युनिकोडमध्ये रूपांतरित प्रत आणि एक पीडीएफ प्रत, अशा दोन्ही ठेवलेल्या बऱ्या.

आता लक्षणांकडे. यंत्र थिजते म्हणजे नेमके काय होते, हे पाहण्याचा साधा उपाय म्हणजे कीबोर्डवरील कॅप्स लॉक कळ दाबणे. तिचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्राचा गाभा जागा आहे आणि कशाची तरी वाट पाहत आहे. दिवाही हलेनासा झाला तर थिजणे पूर्ण आहे. अशा वेळी रॅम, उष्णता किंवा मुख्य पट्टिका ह्यांच्याकडे संशय वळवावा. दुसरे लक्षण याहून बोलके आहे. आधीच उघडलेल्या लेखात टंकन चालू राहते, बाण फिरतो, परंतु नवा प्रोग्रॅम मात्र उघडत नाही. उघडलेला प्रोग्रॅम रॅममध्ये असतो. नवा डिस्कवरून वाचून आणावा लागतो. तेव्हा वाट पाहिली जात आहे ती बहुधा डिस्कची.

फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरील एखादा भाग खराब झाला, तर डिस्क तो तत्काळ नाकारीत नाही. ती पुनःपुन्हा वाचू पाहते. ह्यात अनेक सेकंद जातात, आणि तोवर त्या डिस्कवर अवलंबून असलेले सर्वच ताटकळते. वाचन साधले की सारे सुरळीत होते. दोष अस्थिर भासतो तो ह्यामुळे : खराब भाग तोच असतो, पण त्याची गरज दर वेळी पडत नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये अशा वेळी डिस्क शंभर टक्के व्यग्र दिसते आणि प्रत्यक्ष वाचन मात्र नगण्य असते. इव्हेंट व्ह्यूअर ह्या नोंदवहीत 'डिस्क' ह्या नावाखाली ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी सापडल्या, तर पुरावा बळकट होतो; पहिली खराब भाग दाखविते, दुसरी वाचन पुन्हा करावे लागल्याचे सांगते. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी 'स्मार्ट' नोंद ठेवते, तीत बदलून घेतलेल्या आणि प्रलंबित भागांचे आकडे असतात. आठवड्याभराच्या अंतराने ते वाढलेले दिसले की त्या डिस्कवर विसंबू नये. येथे एक धोका सांगितला पाहिजे. डिस्क तपासून दुरुस्त करणारी 'चेकडिस्क' ही आज्ञा आजारी डिस्कला तासन्‌तास राबविते. प्रत काढण्यापूर्वी ती देणे म्हणजे जीर्ण पोथी उलगडण्याआधीच तिला नवी शिवण घालणे.

डिस्क निर्दोष निघाली तर जयपूरच्या हवेचा विचार करावा लागतो. बहुतेक लॅपटॉप भोवतालच्या ३५ अंश सेल्सियस तापमानापर्यंत चालावेत अशा बेताने केलेले असतात. मे महिन्यात येथे दुपारी पारा ४० च्या पुढे जातो, आणि आँधीबरोबर आलेली बारीक धूळ पंखा व उष्णता बाहेर टाकणारी धातूची जाळी ह्यांच्या मध्ये नमद्यासारखी जमते. त्यातच गादीतक्क्यावर बैठक मारून, लॅपटॉप गादीवरच ठेवून काम करण्याची आपल्याकडील पद्धत. तळाची छिद्रे त्यामुळे बुजतात. प्रोसेसर अतिशय तापला की तो स्वतःचा वेग कमी करतो, आणि त्यानेही न भागल्यास यंत्र एकाएकी बंद पडते. उष्णतेची ओळख वेळेवरून पटते : सकाळी सहाला चालणारे काम दुपारी तीनला अर्ध्या तासात अडते. तेच काम दोन्ही वेळी, लाकडी पाटावर यंत्र ठेवून करून पाहावे. जाळी साफ करणे हे तासाभराचे काम आहे.

रॅम अपुरी पडणे हा दोष नव्हे, हिशेबाची चूक होय. सुमारे ३० सेंटिमीटर लांब व १५ सेंटिमीटर रुंद अशा पोथीपत्राची ६०० डीपीआयची रंगीत प्रतिमा उघडली की ती रॅममध्ये जवळजवळ ७५ मेगाबाइट जागा व्यापते. अशी पन्नास पत्रे म्हणजे पावणेचार गिगाबाइट. ४ गिगाबाइट रॅमच्या यंत्राने मग डिस्कचाच वापर रॅमसारखा आरंभिला, तर त्याचा सारा वेळ ने-आण करण्यात जातो. पीटर डेनिंग ह्यांनी ह्या अवस्थेचे विश्लेषण १९६८ मध्येच केले होते. पाने थोडी उघडावीत, किंवा रॅम वाढवावी. रॅमची पट्टी सदोष असण्याचा संभव निराळा. त्यासाठी 'मेमटेस्ट' रात्रभर चालवावा.

प्रणालीतील दोषांचा विस्तार करण्याचे कारण नाही. दोन विषाणुरोधक एकत्र ठेवलेले असणे, सुरुवातीलाच डझनभर प्रोग्रॅम जागे होणे, ही नेहमीची कारणे. सेफ मोडमध्ये ती गळून पडतात. अभ्यासकांच्या यंत्रांत मात्र एक कारण वारंवार दृष्टीस पडते : वर्षानुवर्षे गोळा केलेले शेकडो फॉन्ट. काही प्रोग्रॅम सुरू होताना ही सारी यादी चाळतात. न लागणारे फॉन्ट काढून वेगळ्या जागी जपावेत.

हे सर्व संशय एकमेकांपासून वेगळे करणारी कसोटी पेन ड्राइव्हवरून चालणारी लायनक्स प्रणाली ही होय. तिच्यावर यंत्र चालविले असता आतील डिस्क व विंडोज दोन्ही बाजूस राहतात. तेच काम दोन तास निर्वेध झाले, तर दोष त्या दोहोंपैकी एकात आहे. तेथेही यंत्र थिजले, तर उष्णता, रॅम किंवा पट्टिका. ह्याच प्रणालीतून, विंडोजला न उठविता, बाहेरच्या डिस्कवर प्रतही काढता येते.

भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झाली. त्या परंपरेत वाढलेल्या संपादकास हे सांगावयास नको की एका पोथीतील एका चुकीवरून शाखा ठरत नाही. थिजण्याच्या प्रसंगांचेही तसेच आहे. तारीख, वेळ, खोलीचे तापमान, उघडे प्रोग्रॅम, थिजण्याचा कालावधी, कॅप्स लॉकचा दिवा, इतके एका वहीत, कागदावर, लिहीत जावे. दहा-बारा प्रसंग नोंदले म्हणजे त्यांतील सामाईक गोष्ट दिसू लागते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी : पंखा साफ केला, रॅम वाढविली, विंडोज नव्याने टाकले हे सर्व एकाच दिवशी केल्यास यंत्र सुधारते खरे, पण रोग कोणता होता हे कळत नाही, आणि पुढच्या ज्येष्ठात तो परतला की वही पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करावी लागते.

डिस्क दोषी ठरल्यास तिच्या जागी एसएसडी बसवावी. फिरते भाग नसल्याने ती वेगवान असते. मात्र ती निकामी होते तेव्हा पुष्कळदा पूर्वसूचना न देता होते, म्हणून बाहेरच्या प्रतीची गरज तिने संपत नाही. काढलेली जुनी डिस्क दुकानात न सोडता घरी आणावी, पाकिटात घालून तिच्यावर तारीख लिहावी, आणि नव्या यंत्रावर जुन्या फॉन्टांतील प्रत्येक फाइल उघडून वाचता येते आहे ह्याची खात्री होईपर्यंत ती जपून ठेवावी.